मागोमाग लेहरा

सुवर्णा लग्न होऊन इचलकरंजीत होगाड्यांच्या घरी आली तेव्हा तिला पेटीवर दहा-बारा भजनं वाजवता येत होती. तिच्या नवऱ्याला, चंद्रशेखरला, भजनं नको होती. तो तबला वाजवायचा, शिकवायचा, आणि रियाजासाठी त्याला लेहरा धरणारं माणूस हवं होतं. लेहरा म्हणजे सोळा मात्रांची एक छोटी धून. ती संपली की पुन्हा पहिल्यापासून, मग पुन्हा. तबलजी एकटा वाजवत असला की बोलांच्या गुंत्यात आपण कुठं आहोत हे त्याला त्या धुनेवरून कळतं. धरणाऱ्यानं तिच्यात आपलं काही घालायचं नसतं.

"मी कुठंही गेलो तरी तू जागची हलायचं नाहीस," चंद्रशेखरनं तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

ती हलली नाही. अठ्ठावीस वर्षं, रोज संध्याकाळी पाच ते सात. केतकीच्या जन्माच्या वेळचा सव्वा महिना आणि सासरे गेले तेव्हाचे तेरा दिवस, एवढाच काय तो खंड. पुढं पुढं अशी सवय झाली की चंद्रशेखर "एकशे दहा" म्हणाला की तिची बोटं मिनिटाला बरोबर एकशे दहा मात्रांवर पडायची आणि अर्ध्या तासानंतरही तिथंच असायची. त्याची लय कधी ओसरली तर ती मान वर करून बघायची, एवढंच. तो लगेच सावरायचा.

पन्नाशी उलटल्यावर तिचे गुडघे दुखायला लागले. एकदा फोनवर ती केतकीला म्हणाली, "माझं सगळं आयुष्य सोळा मात्रांत गेलं बघ." म्हणाली आणि हसली. केतकी पुण्यात एका विमा कंपनीत संगणकाचं काम करायची. ती हसली नाही.

२०३९च्या दिवाळीत केतकी आली ती काडेपेटीएवढा एक रिसिव्हर आणि 'सोबत' नावाचा एक प्रोग्रॅम घेऊन. बाहेरच्या खोलीत चंद्रशेखरचा जुना स्टिरिओ होता, कमरेएवढ्या उंच लाकडी स्पीकरचा. केतकीनं रिसिव्हर त्याच्या मागं लावला, प्रोग्रॅम कोपऱ्यातल्या संगणकात घातला आणि एक छोटा माइक तबल्यासमोर ठेवला. संगणक आता तबला ऐकणार होता आणि लेहरा हवेतून स्टिरिओकडं पाठवणार होता. चंद्रशेखरनं लय चढवली की लेहरा आपोआप चढणार होता, त्यानं उतरवली की उतरणार होता.

चंद्रशेखरनं दहा मिनिटं वाजवून बघितलं आणि हात थांबवले.

"हा माझ्या मागनं येतोय."

केतकीला कारण माहीत होतं. तिनं ते कागदावर काढून दाखवलं. संगणक आवाजाचे बारीक तुकडे करतो, त्यांची पाकिटं बांधतो आणि रेडिओलहरींवरून एकेक पाठवतो. वाटेत एखादं पाकीट हरवलं तर ते परत मागवावं लागतं. म्हणून पलीकडचा रिसिव्हर आलेलं पाकीट लगेच फोडत नाही, थोडी साठवतो आणि मग ओळीनं वाजवतो. या साठवणीत सेकंदाचा सातवा भाग जातो. नुसतं गाणं ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. पण इथं संगणक तबला ऐकून उत्तर देत होता, आणि एकशे दहाच्या लयीत सेकंदाचा सातवा भाग म्हणजे पाव मात्रा.

"चौगुणीत, मात्रेत चार बोल असले की, एक अख्खा बोल," चंद्रशेखर म्हणाला.

"हो. हा उशीर घालवता येत नाही पप्पा, पण झाकता येतो. त्यानं तुमचा हात ऐकून मग वाजवायचंच नाही. सेकंदाच्या सातव्या भागानंतर तुमचा हात कुठं असेल याचा आधीच अंदाज बांधायचा आणि त्याप्रमाणं पाठवून द्यायचं. दोन आठवडे द्या त्याला. तो तुमचे हात शिकेल."

तिनं ती सोय सुरू केली. त्यानंतर 'सोबत' प्रत्येक आघाताची वेळ, जोर, दोन आघातांमधलं अंतर आणि डाव्या-उजव्यातला फरक टिपू लागला, आणि त्यातून चंद्रशेखरच्या हातांचा एक नमुना रोज थोडा थोडा घडवू लागला. तेराव्या दिवशी समेवर, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, लेहरा आणि तबला असे एकत्र आले की चंद्रशेखर वाजवता वाजवता मोठ्यानं हसला.

"बसला," तो म्हणाला. "सुवर्णा, तू सुटलीस."

पहिले काही दिवस संध्याकाळचे पाच वाजले की सुवर्णाला हातांचं काय करावं ते सुचायचं नाही. मग गावातल्या एका वाचनालयात संध्याकाळी पुस्तकांच्या देवघेवीला माणूस हवंय असं तिला कळलं. ती जाऊन बसू लागली. पाच ते साडेसात. लोक तिला "होगाडे मॅडम" म्हणू लागले. कुणाला कुठलं पुस्तक आवडेल याचा तिला अंदाज यायला लागला, आणि तिनं सुचवलेलं पुस्तक वाचून कुणी तेच बोलायला परत आलं की घरी येईपर्यंत ती त्याच नादात असायची. घरी चंद्रशेखर मानेवरचा घाम टिपत बसलेला असायचा.

"आज रेला काय सुटला म्हणून सांगू. लोण्यासारखा."

"चांगलं झालं की."

"हा तुझ्यापेक्षा बरा आहे. बघत नाही माझ्याकडं."

दोघंही हसायची. अशी दोन वर्षं गेली. या दोन वर्षांत चंद्रशेखरचं अक्षर लहान झालं. विद्यार्थिनींसाठी तो वहीत बोल लिहून द्यायचा, त्यातली एक म्हणाली की सर, हे वाचता येत नाही; त्यानं तिला चष्मा लावायला सांगितलं. एकदा दूध करपून घरभर वास पसरला आणि तो शेजारच्या खोलीत असून त्याला आला नाही. डावा खांदा आखडला, त्यासाठी त्यानं महिनाभर शेक घेतला. साठीतल्या माणसाचं असं काही ना काही चालूच असतं.

२०४२च्या जानेवारीत कोल्हापुरात त्याच्या गुरूंच्या स्मरणार्थ कार्यक्रम होता. दुपारी चार वाजता चंद्रशेखरचं एकट्याचं वादन. मधली दोन वर्षं शिकवण्यातच गेली होती, मंचावर तो बऱ्याच दिवसांनी बसणार होता. लेहऱ्याला समीर मुजावर होता, मिरजेचा, चाळिशीतला, हाताचा पक्का. सुवर्णा तिसऱ्या रांगेत बसली.

सुरुवातीचा पेशकार बरा गेला. पुढच्या कायद्याला, ठरावीक बोलांच्या विस्ताराला, चंद्रशेखरनं लय चढवून दिली आणि मुजावरनं ती उचलली. दोन आवर्तनं झाली, चार झाली. पाचव्या आवर्तनात सुवर्णाला वाटलं की आपल्याला काहीतरी चुकीचं ऐकू येतंय. तबला लेहऱ्याच्या मागं पडत होता. फार नाही, केसभर. मग चंद्रशेखरनं मान हलवून उडी मारल्यासारखी लय गाठली, आणि परत मागं पडला. डाव्याचा, डग्ग्याचा आवाज पेटीखाली दबत होता. त्यानं मुजावरकडं पाहिलं. मुजावरनं नम्रपणे लय थोडी खाली घेतली. मग त्याहून थोडी. सुवर्णानं मांडीवर बोटं ठेवली. एकशे दहावर सुरू झालेला कायदा आता नव्वदच्याही खाली होता. एकापाठोपाठ धावणाऱ्या बोलांचा रेला सुरू झाला तेव्हा बोल एकमेकांत मिसळून त्यांचा नुसता गजर झाला, आणि शेवटी तीनदा वाजवून समेवर आणायची तिहाई समेच्या एक मात्रा नंतर येऊन पडली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. गुरुबंधू येऊन पाठीवर हात ठेवून गेले. मुजावर वाकून नमस्कार करताना सुवर्णाकडं बघायचं टाळत होता.

परतीच्या टॅक्सीत चालक नव्हता, त्यामुळं दोघंच होती. हातकणंगले मागं पडलं.

"मुजावर पळवत होता," चंद्रशेखर म्हणाला.

सुवर्णा खिडकीबाहेर बघत होती.

"तुला नाही वाटलं?"

"थोडं वाटलं."

"थोडं? पहिल्यापासनं पळवत होता. घरी माझा एकशे दहाला रेला कसा जातो ते तुला माहीत आहे."

तिला माहीत नव्हतं. घरी रेला चालू असायचा तेव्हा ती वाचनालयात असायची. हे तिला त्या टॅक्सीत, त्याच्या शेजारी बसून, पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं पेटी काढली. भात्यावर धूळ बसली होती. ती पुसून ती त्याच्यासमोर बसली.

"कशाला?"

"बऱ्याच दिवसांत धरला नाही लेहरा. बसा की."

"किती?"

"एकशे दहा."

तो बसला. ती पेटीच्या पट्ट्यांकडं बघत वाजवत राहिली. तबला मागं राहू लागला तेव्हा तिनं मान वर केली नाही. तो पुढं येईल म्हणून वाट बघितली. तो आला, परत राहिला. बोटांवर जोर देऊन त्यानं पकडायचा प्रयत्न केला. दोन आवर्तनं पकडलं, आणि उजव्या हाताचा अंगठा तळहाताला टेकून आपोआप थरथरू लागला. अकराव्या मिनिटाला त्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवले. ती चालू असलेलं आवर्तन पूर्ण करून थांबली.

"तू पळवत नव्हतीस," तो म्हणाला.

"नाही."

उठून तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. समोर शेडमध्ये हवेवर चालणारे नवे माग एकसारखे गुणगुणत होते.

केतकी शनिवारी आली. तिनं कोपऱ्यातल्या संगणकातून 'सोबत'नं दोन वर्षांत टिपून ठेवलेलं सगळं बाहेर काढलं. तिला वाटत होतं की प्रोग्रॅममध्ये बिघाड असेल. बिघाड नव्हता. त्याला सांगितलेलं काम त्यानं चोख केलं होतं.

पडद्यावर एक रेषा होती. डावीकडं, पहिल्या दिवाळीत, ती एकशे दहावर होती. मग एके जागी ती खाली झुकायला लागत होती, आणि तिथून पुढं ती कधीच वर आली नव्हती. एकशे आठ, एकशे चार, अठ्ठ्याण्णव, एक्क्याऐंशी. उजव्या टोकाला अठ्ठ्याहत्तर. तिच्याखाली आणखी एक रेषा होती, डाव्या हाताच्या जोराची. तीही तशीच उतरत गेली होती.

"पप्पा," केतकी म्हणाली, "तुम्ही एकशे दहा म्हणून जे वाजवत होता ते अठ्ठ्याहत्तर होतं."

"असं कसं होईल? मला कळलं नसतं?"

कसं झालं ते केतकीनं सांगितलं. प्रोग्रॅम हातांचा अंदाज बांधत होता. हात किंचित हळू झाले की तो पुढचा अंदाज किंचित हळू बांधायचा, आणि लेहरा तसाच हळू यायचा. चंद्रशेखरला तो लेहरा बरोबर वाटायचा, कारण तो हाताशी तंतोतंत जुळत होता. मग त्या लेहऱ्यावर हात आणखी किंचित सैल पडायचे. पुढच्या दिवशी प्रोग्रॅम तिथून सुरू करायचा. डावा हलका पडायला लागला तसा त्यानं पेटीचा आवाजही कमी करत आणला, म्हणजे डावा दबला जाऊ नये. एका दिवसातला फरक इतका कमी की कुठल्याच कानाला कळला नसता. दोघं एकमेकांचं बघून हळू होत गेले होते.

"आईनं धरला असता तर पहिल्या महिन्यात लक्षात आलं असतं," केतकी म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिनं आईकडं पाहिलं.

मिरजेला डॉक्टर अक्कोळे म्हणून मेंदूच्या डॉक्टर होत्या. त्यांनी चंद्रशेखरला चालायला लावलं, बोटं मिटायला-उघडायला लावली, एक ओळ लिहायला दिली आणि मेंदूचं चित्र काढून आणायला सांगितलं. ते आल्यावर त्यांनी तिघांना समोर बसवलं. कंपवात होता. हालचालींना वंगण पुरवणाऱ्या मेंदूतल्या पेशी मरत जातात, असं त्या म्हणाल्या. आघात लहान होत जाणं, हळू होत जाणं, हे थरथर दिसायच्या कितीतरी आधी सुरू होतं.

"कधीपासून जाणवतंय?"

"चौदा मार्च, दोन हजार चाळीस," केतकी म्हणाली. त्या दिवशी रेषा झुकली होती.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "इतकी अचूक तारीख मला आजवर कुणी सांगितली नाही."

केतकीनं कसं ते सांगितलं. डॉक्टर ऐकत राहिल्या. मग त्यांनी औषधांचं सांगितलं. गोळ्यांनी अंग मोकळं होईल, दिवसातले काही तास. रोग तिथल्या तिथं थांबवणारं इंजेक्शन आता तीन वर्षं झाली निघालंय, पण ते उरलेल्या पेशींना वाचवतं, मेलेल्यांना उठवत नाही. निम्म्याहून अधिक शिल्लक असतील तरच त्याचा उपयोग होतो. चंद्रशेखरच्या एक तृतीयांश उरल्या होत्या.

"दोन वर्षांपूर्वी आलो असतो तर?" चंद्रशेखरनं विचारलं.

"त्याचं उत्तर देऊन आता काही होणार नाही, होगाडे सर."

"मला पाहिजे."

डॉक्टर अक्कोळेंनी समोरची फाइल मिटली. "थांबवता आला असता," त्या म्हणाल्या.

त्या आठवड्यात सुवर्णानं वाचनालयाचं काम सोडलं. चंद्रशेखरला ते चार दिवसांनी कळलं.

"कशाला सोडलंस?"

"घरात कुणीतरी असायला पाहिजे."

"तेव्हा असायला पाहिजे होतं," तो म्हणाला.

हे तो एकदाच म्हणाला. पुढं कधीही, रागात किंवा दुखण्यात, त्यानं ते पुन्हा तोंडातून काढलं नाही. सुवर्णा तेव्हा त्याच्या गोळ्यांच्या वेळा एका कागदावर लिहून तो कागद फ्रीजवर चिकटवत होती, ते काम तिनं पूर्ण केलं. पण त्या दिवसापासून त्याच्याशी बोलताना ती प्रत्येक वाक्य आधी मनात म्हणून बघू लागली.

केतकी दर पंधरा दिवसांनी यायची. ती बापाच्या तोंडाकडं बघून बोलायची, हातांकडं बघायची नाही. 'सोबत' बनवणाऱ्यांना तिनं सगळे आकडे पाठवले होते. दीड महिन्यानं उत्तर आलं. त्यांना फार वाईट वाटलं होतं. अशी उतरती रेषा दिसली की वाजवणाऱ्याला सावध करायची सोय ते आता घालणार होते, आणि ती तयार करायला चंद्रशेखरच्या दोन वर्षांच्या नोंदी त्यांना हव्या होत्या. त्यासाठी संमतीची सही लागणार होती.

"म्हणजे पुढच्यांना वेळेत कळंल?" चंद्रशेखरनं विचारलं.

"हो पप्पा."

"मग दे की."

त्यानं सही केली. जुन्या सहीशी ती जुळत नाही म्हणून कागद परत आला. त्याखाली त्यानं अंगठा दिला. वर्षभरानं ती सोय सगळीकडं सुरू झाली. नाशिकच्या एका सतारवादिनीचं आणि चेन्नईच्या दोन मृदंगवादकांचं दुखणं त्यामुळं वेळेत सापडल्याची बातमी केतकीनं वाचून दाखवली. चंद्रशेखर "बरं झालं" म्हणाला आणि त्यानं कूस बदलली.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की बाहेरून येणारी पक्की लय अशा रोग्याला मदत करते. आतलं घड्याळ मंदावलेलं असतं, तेव्हा बाहेरच्या ठोक्याला धरून हात-पाय चालतात. म्हणून सुवर्णा रोज गोळीचा असर असेल त्या वेळी पेटी घेऊन बसायला लागली. साठची साधी लय, नुसता ठेका. तिनं सव्वा वर्ष धरला. त्याची पावलं थोडी सुधारली, खरंच सुधारली. पण तबल्यावर बसलं की तो रोज त्याच जागी घसरायचा आणि ती, त्यानंच शिकवल्याप्रमाणं, जागची हलायची नाही.

एका दुपारी त्यानं ठेका मध्येच सोडला.

"बंद कर."

"दमला का?"

"नाही. तू मला दर सोळा मात्रांना दाखवतेस."

"डॉक्टर म्हणाल्या—"

"मला माहीत आहे डॉक्टर काय म्हणाल्या. मी त्यांच्यासाठी वाजवत नाही." तो उजव्या हातानं डावा हात मनगटाशी धरून बसला होता. "ते यंत्र सुरू कर."

सुवर्णाला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"अहो, त्यानंच तर—"

"त्यानं मला फसवलं. मला माहीत आहे." तो शांतपणे बोलत होता. "त्याच्याबरोबर मी चुकत नाही. तासभर तरी चुकत नाही. दुसरं काही मागितलंय का मी तुझ्याकडं?"

तिनं केतकीला फोन केला. केतकी नको म्हणाली, रडली, हात आणखी लवकर हळू होतील म्हणाली. सुवर्णानं सगळं ऐकून घेतलं. हे सगळं तिलाही दिसत होतं. पक्की लय धरून बसलं तर त्याचे हात वर्ष-दोन वर्षं जास्त टिकतील, आणि ती सगळी वर्षं तो रोज हरेल. तिनं फोन ठेवला, बाहेरच्या खोलीत गेली आणि संगणक सुरू केला. आता पडद्यावर आधी एक लाल सूचना आली: वादनात बदल आढळला आहे, कृपया डॉक्टरांना भेटा. तिनं ती बंद केली.

स्टिरिओतून लेहरा आला. चंद्रशेखरनं धा ठेवला, आणि लेहऱ्याची पहिली मात्रा नेमकी त्याच्यावर येऊन पडली. त्याचे डोळे मिटले. सुवर्णा स्वयंपाकघरात निघून गेली.

मग ते रोज चालू झालं. ती आत काम करायची आणि ऐकत राहायची. पहिल्या वर्षी साठवरून पन्नास झालं. पुढच्या वर्षी बोल गळत गेले, तिरकिट गेलं, धिरधिर गेलं, शेवटी नुसतं धा धिं धिं धा उरलं. पेटीचा आवाज इतका कमी झाला की फोडणी टाकताना तो बुडायचा. तिला आता मात्रा मोजायच्या नव्हत्या पण मोजल्या जायच्या. एक सूर यायचा, आणि पुढचा येईपर्यंत तिची एक पोळी लाटून व्हायची, निदान तिला तसं वाटायचं. बाहेर तो खुशीत असायचा. "आज चांगलं झालं," असं सांगायचा, पण तेही आता अडखळत, एकसुरी आवाजात, आणि तिला जवळ जाऊन कान द्यावा लागायचा.

२०४५च्या फेब्रुवारीत एका दुपारी ती कोथिंबीर निवडत बसली होती. बाहेर पेटीचा सूर आला, मग पुढचा, आणि मग पुढचा आलाच नाही. तिनं वाट बघितली. तबल्यावर धा पडला, हलका. बऱ्याच वेळानं धिं पडला. पेटी नव्हती.

ती बाहेर आली. पडद्यावर अक्षरं होती: वादन थांबलेलं दिसतं. आजचा रियाज जतन केला आहे.

चंद्रशेखर वाजवत होता. हात तबल्यापासून जेमतेम बोटभर उचलला जात होता आणि खाली येत होता. आणखी दोन मात्रा त्यानं वाजवल्या, मग स्पीकरकडं पाहिलं.

"काय झालं?"

"रिसिव्हर गेला असेल," सुवर्णा म्हणाली. "केतकीला विचारते."

रिसिव्हरचा हिरवा दिवा लागलेला होता. तो दोघांनाही दिसत होता.

"विचार," तो म्हणाला.

तिनं आतून फोन लावला. केतकीनं पुण्यातून संगणकात डोकावून बघितलं.

"आई, त्याला खालची मर्यादा असते. मिनिटाला तीस मात्रा. त्याच्या खाली गेलं की तो समजतो वाजवणारा उठून गेला. मर्यादा काढता येईल. दोन मिनिटांचं काम आहे."

"काढल्यावर?"

"तो पप्पांबरोबर जाईल. कितीही हळू."

"आणि ते थांबले तर?"

"तर पुढच्या मात्रेची वाट बघत राहील."

सुवर्णानं दारातून बाहेर बघितलं. चंद्रशेखर तबल्याला गवसणी घालायचा प्रयत्न करत होता. कापड एका बाजूनं चढत होतं आणि दुसऱ्या बाजूनं निसटत होतं. तो घाई करत नव्हता. प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरू करत होता.

"आई? काढू?"

"नको," सुवर्णा म्हणाली.

ती बाहेर जाऊन त्याच्यासमोर बसली, गवसणी नीट चढवली आणि नाडी ओढून गाठ मारली. मग डग्ग्याची घातली. तो तिच्या हातांकडं बघत होता.

"दुरुस्त व्हायला किती दिवस लागतील म्हणाली?"

"बघून सांगते म्हणाली."

"घाई नाही," तो म्हणाला.

तिनं दोन्ही वाद्यं उचलून कपाटावर ठेवली आणि कोथिंबीर निवडायला आत गेली. पुढं केतकी किती वेळा आली आणि गेली. त्यानं परत विचारलं नाही, आणि तिनं सांगितलं नाही.